बंदूक तुमची, मान आमची

निर्मळची जत्रा दिवाळीच्या मागोमाग येते. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत माउलींच्या समाधीपाशी गर्दी लोटलेली असते, आणि त्याच दिवशी वसईतल्या या गावात शंकराचार्यांच्या देवळाकडे माणसांची रीघ लागते. देऊळ हिंदूंचं असलं तरी जत्रा पंचक्रोशीची. कुपारी ख्रिस्ती, सामवेदी ब्राह्मण, आगरी, कोळी, आदिवासी आणि आता नालासोपारा-विरारच्या इमारतींतून रिक्षा करून आलेली कुटुंबं, सगळी एकाच धुळीत फिरतात. मोठी माणसं दर्शन उरकून सुकेळी घ्यायला वळतात. पोरांचं लक्ष पाळण्यांकडे असतं.

आपल्याकडच्या जत्रांत पाळण्यांच्या आसपास दोन खेळ हमखास दिसतात. एक फुग्यांचा. फळीवर ओळीने लावलेले फुगे, छर्ऱ्याची बंदूक आणि जरा वाकडी असल्याचा सर्वांना संशय असलेली तिची नळी. दुसरा भूत बंगला. पत्र्याची नाहीतर ताडपत्रीची काळोखी बोळकांडी, दर्शनी भागावर रक्ताळलेल्या दातांची चित्रं आणि आतून येणाऱ्या किंकाळ्यांची वाजून वाजून घासलेली टेप. एकाला नेम लागतो, दुसऱ्याला छाती. हे दोन्ही खेळ एका पेटीत बसवले की व्हिडिओ गेममधला एक जुना, हट्टी प्रकार तयार होतो. त्याला रेल शूटर म्हणतात. तुम्ही चालत नाही, तुम्हाला चालवलं जातं. कॅमेरा ठरलेल्या वाटेवरून पुढे सरकतो, दारं आपोआप उघडतात, मान आपोआप वळते आणि समोर जे येईल त्यावर गोळी झाडणं एवढंच तुमच्या हातात उरतं. समोर मेलेली माणसं येत असली की तो भयपटाच्या जातीचा रेल शूटर.

या प्रकाराला शिव्या घालणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा शिव्या रास्तही आहेत. पण त्या देणारे बहुतेक जण जत्रेतली वस्तू घरी आणून, दिवाणखान्यात मांडून मग तिची तक्रार करत असतात, असं माझं मत आहे.

आधी रुळांची गोष्ट. अंधारात गाडीतून फिरवून माणसांना घाबरवण्याचा धंदा व्हिडिओ गेमपेक्षा बराच जुना. अमेरिकेत न्यू जर्सीच्या लिऑन कॅसिडीने 1920 च्या दशकाच्या अखेरीस एकाच रुळावरून वेडीवाकडी वळणं घेणाऱ्या गाड्यांचं पेटंट घेतलं. प्रेट्झेल नावाने त्या गाड्या गावोगावच्या करमणूक बागांत गेल्या. वळणांचा फायदा साधा होता. लहानशा खोलीत लांबलचक प्रवास मावतो आणि पुढे काय आहे ते गाडी वळेपर्यंत कळत नाही. पुढे 1969 साली डिस्नीलँडमध्ये हाँटेड मॅन्शन सुरू झालं, त्यात गाड्यांना आणखी एक खोड लावली होती. गाडी पुढे सरकतानाच स्वतःभोवती वळायची आणि तिच्या उंच पाठीमुळे बाजूचं, मागचं काहीच दिसायचं नाही. बनवणाऱ्याला जे दाखवायचं तेवढंच, त्याला हवं तेव्हा आणि हव्या त्या कोनातून दिसणार. व्हिडिओ गेममधला रुळांवरचा कॅमेरा हाच आहे, फक्त लोखंड गेलं.

आपला भूत बंगला बहुधा पायी फिरायचा असतो, त्यामुळे त्याची गंमत वेगळी. आत थांबता येतं, पुढच्याच्या शर्टाला धरता येतं, मुखवट्यामागच्या पोराला ओळखता येतं. तो पोरगाही माणूस बघून घाबरवतो. टारगट टोळक्यापुढे जरा दबकून, नव्या जोडप्यापुढे जोरात. रुळांवर हा लवचीकपणा नसतो. गाडीला माणसाची पारख नाही. तिच्याजवळ फक्त वेळेचा अचूकपणा असतो, आणि भीतीच्या धंद्यात तो थोडाथोडका नव्हे.

बंदुकीची गोष्ट आपल्या घरांतूनही गेलेली आहे. नव्वदच्या दशकात मीडिया, समुराई अशा नावांचे स्वस्त टीव्ही गेम मध्यमवर्गीय घरांत शिरले. कॅसेट खोचायची आणि मारिओ खेळायचा. बऱ्याच संचांबरोबर एक प्लास्टिकची बंदूकही यायची, निन्टेंडोच्या 1984 सालच्या डक हंटसाठी. पडद्यावरचं बदक मारायचं. ही बंदूक पडद्यावर काहीच सोडत नसे, उलट पडद्याकडूनच उजेड घेत असे. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. नळीतल्या संवेदकाला तो उजेड दिसला तर बदक पडलं, नाही दिसला तर कुत्रा हसला. घराघरांतल्या पोरांनी याचं मर्म न सांगता ओळखलं होतं. ती काचेला नळी टेकवून बदकं मारायची.

पुढच्या बंदुका याहून हुशार निघाल्या. जुन्या फुगीर टीव्हीत चित्र एकदम उमटत नसे. इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली ओळी मारत जायचा. चाप ओढल्यावर तो झोत नळीसमोर नेमका कधी आला हे मोजलं की बंदूक कुठे रोखली आहे ते कळायचं. या युक्तीचं आयुष्य मात्र त्या टीव्हीइतकंच. सपाट एलसीडी पडदे आले, झोत गेला आणि त्याबरोबर जगभरच्या घरांतल्या लाइट गन मुक्या झाल्या.

भयाला ही बंदूक पहिल्यांदा नीट जोडली ती सेगाने. हाउस ऑफ द डेड हा त्यांचा आर्केड गेम 1997 साली आला. क्युरियन नावाच्या शास्त्रज्ञाचा वाडा, त्यात त्याने तयार केलेली मढी आणि तिथे पोचलेले रोगन आणि जी हे दोन एजंट. गोष्ट एवढीच, तीही कुणी ऐकत नसे. दोन बंदुका, दोन खेळाडू, चार प्रकरणं. सराईत माणूस अर्ध्या-पाऊण तासात सगळं उरकतो. आपल्याकडे हा गेम मोठ्या पेटीपेक्षा संगणकावरच जास्त खेळला गेला. 1998 मध्ये त्याची संगणकावरची आवृत्ती आली, पाठोपाठ दुसरा भागही आला, आणि सायबर कॅफेंचे दिवस भरात असताना या सीड्या हातोहात फिरल्या. तासाच्या दराने बसलेली पोरं बंदुकीऐवजी माउसने झोंबी टिपायची. वसई-विरार पट्ट्यात त्या काळात लोडशेडिंगही जोरात होतं. चौथ्या प्रकरणातल्या मॅजिशियन नावाच्या राक्षसापाशी पोचावं आणि वीज जावी, म्हणजे पहिल्या दारापासून पुन्हा सुरुवात. हा छळ काही सेगाने योजलेला नव्हता.

या गेमचं मोठेपण कशात आहे? माझ्या मते गोळ्या भरण्यात. बंदुकीत सहाच गोळ्या, आणि त्या संपल्या की नळी पडद्याबाहेर रोखून चाप ओढायचा. म्हणजे मढं अंगावर येत असताना, जिथे बघायलाच हवं तिथून हात बाजूला न्यायचा. पाय तुमचे नाहीत, मान तुमची नाही, आणि उरलेली एकच गोष्ट, तुमचा नेम, तीही दर सहा गोळ्यांनी सोडून द्यावी लागते. सगळी भीती त्या अर्ध्या सेकंदात साठते. माउसवर खेळणाऱ्यांना हे कधी कळलं नाही, कारण बटण दाबून गोळ्या भरण्यात हात कुठे हलतच नाही. 2002 साली आलेल्या तिसऱ्या भागात सेगाने शॉटगन दिली. चौथ्यात मशीनगन आली. बंदुका मोठ्या होत गेल्या, भीती त्या मानाने उतरत गेली.

दुसरं बळ दिग्दर्शनाचं. खेळाडू मोकळा सोडला की तो भिंतीकडे बघत बसतो, कोपऱ्यात उड्या मारतो, नेमकं भूत येतं तेव्हा त्याची पाठ असते. रुळांवर ही चिंता नाही. हाउस ऑफ द डेडच्या पहिल्या प्रकरणात पुलावर एक मढं एका माणसाला खाली फेकायच्या बेतात असतं. कॅमेरा तुम्हाला ते दाखवतो आणि क्षणभराची मुभा देतो. माणूस वाचला तर तुम्ही वाड्याच्या पुढच्या दारातून आत जाता, नाही वाचला तर खालच्या गटाराच्या वाटेने. कुठे फाटा फुटला हे नवख्याला कळतही नाही. नारायण धारपांच्या भयकथा वाचताना आपण असेच ओढले जातो. पुढच्या ओळीत काय आहे ते लेखकाला माहीत, आपल्याला नाही, आणि ओळ वगळून पुढे जाण्याचं धाडस होत नाही. पण पुस्तक मिटता येतं. गाडी थांबत नाही.

तिसरं बळ, सोबत. दुसरी बंदूक उचलायला आधीचा सराव लागत नाही. बारा बटणांचा कंट्रोलर बघून जिच्या कपाळावर आठ्या पडतात ती मावशीसुद्धा बंदूक रोखू शकते. मॉलमधल्या गेम झोनमध्ये नीट पाहा. गाड्यांच्या आणि नाचाच्या यंत्रांपाशी बहुतेक पोरंच असतात, पण बंदुकीच्या केबिनमध्ये बाप-लेक, नवरा-बायको, बहीण-भाऊ शिरतात आणि मागे चार जण उभे राहून कुठून कोण येतंय ते ओरडून सांगतात. त्या मागच्यांनाही तिकिटाविना अर्धा खेळ मिळतो.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत जुनी, हल्ला चुकवता येत नाही. समोरून कुऱ्हाड येतेय हे डोळ्यांना दिसतं, साधं बाजूला सरकलं की काम झालं, पण सरकायला पाय नाहीत. नेम चुकला म्हणून मार बसला तर माणूस स्वतःला दोष देतो. कॅमेऱ्याने उशिरा मान वळवली म्हणून मार बसला तर तो यंत्राला लाथ घालतो. हा फरक चांगल्या आणि वाईट रेल शूटरमधला फरक आहे. नेमाची परीक्षा आणि पाठांतराची परीक्षा यांतली रेघ या प्रकारात फार पुसट असते. पहिल्यांदा खेळताना काही मार टळूच शकत नाहीत. तिसऱ्यांदा खेळताना ते पाठ झालेले असतात, आणि मग भीतीच उरत नाही. दचकवणारी गोष्ट दोनदा त्याच जागी दचकवत नाही.

दुसरी तक्रार पैशाची. मरण इथे गल्ल्याचं काम करतं. पडद्यावर दहापासून उलटे आकडे सुरू होतात, तुमचा जीव त्या आकड्यांत अडकलेला असतो आणि हात खिशात. मुंबई-ठाण्याच्या जुन्या पार्लरांत मुस्तफा नावाचा गेम खेळलेल्या पिढीला हे ओळखीचं आहे. तेव्हा निदान नाणं हातातून जाताना दिसायचं. आता मॉलमध्ये कार्ड टेकवायचं असतं, त्यात रुपये नसतात, क्रेडिट असतात, आणि किती गेले ते बाहेर पडताना समजतं. शिवाय यंत्र किती कठीण करायचं, सुरुवातीला किती जीव द्यायचे, हे आतल्या मेन्यूतून मालकाला बदलता येतं. फुगेवाल्याच्या वाकड्या नळीचा संशय इथेही लागू आहे, फक्त वाकडेपणा सॉफ्टवेअरमध्ये असतो. सेगाच्या गेममध्ये निदान एक सौजन्य होतं. प्रत्येक मोठ्या राक्षसाआधी त्याची माहिती दाखवून मर्मस्थान कुठे ते सांगत. पहिला चॅरियट, अंगभर चिलखत आणि छातीवर उघडी जागा. मारता येतं की नाही हा प्रश्नच नाही, तिथे किती वेळ नेम टिकतो एवढंच.

या सगळ्या तक्रारी जत्रेत गिळल्या जातात. पाच मिनिटांचा खेळ, मागे ओरडणारी माणसं, मग बाहेर येऊन भेळ. घरी आणल्यावर त्या एकेक करून टोचू लागतात. नाणं नसल्यामुळे मरणाला किंमत राहत नाही. पाऊण तासात गेम संपला की पूर्ण किमतीला काय घेतलं असं वाटतं. कंपन्यांनी यावर बरेच उपाय केले. निन्टेंडोच्या वी यंत्राचा रिमोट 2006 साली आला आणि पडद्याकडे रोखायची बंदूक सपाट टीव्हीवरही पुन्हा शक्य झाली, कारण तो पडद्याच्या उजेडाऐवजी टीव्हीपाशी ठेवलेल्या पट्टीतले इन्फ्रारेड दिवे बघायचा. त्या आधारावर कॅपकॉमने 2007 साली रिझिडंट ईव्हिल: अम्ब्रेला क्रॉनिकल्स काढला आणि 2009 मध्ये डार्कसाइड क्रॉनिकल्स. मूळ रिझिडंट ईव्हिलची (1996) सगळी भीती कुठलं दार उघडायचं या निर्णयात होती. गोळ्या तीन, दारं दोन, आणि घाई कुणाचीच नाही. रुळांवर चढवल्यावर दार आपोआप उघडतं, आणि दाराबरोबर ती भीतीही निघून जाते. डार्कसाइडमध्ये तर घाबरलेल्या माणसाच्या धावण्याचा भास व्हावा म्हणून कॅमेरा इतका गदागदा हलवला की नेमाच्या खेळात नेमच धरता येईना. ज्याने मान आपल्या ताब्यात घेतली त्याने ती निदान स्थिर धरावी, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे.

त्याच वर्षी डेड स्पेस: एक्स्ट्रॅक्शन आला. माझ्या मते हा घरासाठी बनवलेला सर्वांत विचारी भय-रेल शूटर. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्याला रेल शूटर म्हणायचं टाळलं आणि मार्गदर्शित प्रथमपुरुषी अनुभव असं भारदस्त नाव दिलं. नाव बाजूला ठेवा, काम चांगलं होतं. राक्षसांचे हातपाय तोडावे लागतात, त्यामुळे नुसतं डोक्यावर नेम धरून भागत नाही. अंधार पडला की रिमोट जोरजोरात हलवून उजेडाची कांडी पेटवावी लागते. बोलणी, थांबणं, वाट बघणं यांना जागा दिली आहे. समीक्षकांनी वाखाणला आणि लोकांनी घेतला नाही. विक्री इतकी कमी झाली की मोठ्या कंपन्यांनी या वाटेला जायचं जवळपास सोडूनच दिलं. सेगाच्या पहिल्या गेमची नवी आवृत्ती 2022 साली निन्टेंडो स्विचवर आली, तिच्यातही बंदूक नव्हतीच. हातातला कंट्रोलर फिरवून नेम धरायचा आणि तो थोड्या वेळाने सरकला की पुन्हा मधोमध आणायचा. ज्यांना खरी बंदूकच हवी ते आता सिन्डेन नावाची कॅमेऱ्याची बंदूक मागवतात. ती पडद्याभोवती आखलेली पांढरी चौकट बघून आपली दिशा ओळखते.

एक मुद्दा मात्र परदेशी चर्चेत येत नाही, तो निर्मळसारख्या गावात उभं राहिलं की सुचतो. रेल शूटरला गर्दी लागते. एकसारखी, निनावी, गोळी लागली की पडणारी मढी. आपल्या भुतांचा स्वभावच तो नव्हे. मुंजा पिंपळावर एकटा असतो आणि तो मुंजा का झाला याची गोष्ट असते. हडळीला माहेर-सासर असतं. समंधाचं काही राहून गेलेलं असतं, खवीस वाट अडवून बसतो, वेताळाला मान द्यावा लागतो. यांच्यावर गोळी चालत नाही. नारळ चालतो, कोंबडं चालतं, नवस चालतो, कधीकधी नुसतं ऐकून घेणं चालतं. चकव्याची तर गंमतच निराळी. तो रात्रभर माणसाला एकाच माळावर गोल फिरवतो. रेल शूटरमध्ये वाट कधीच चुकत नाही, आणि चकव्याचं सगळं भय वाट चुकण्यात आहे. निर्मळ परिसरातल्या ख्रिस्ती वस्तीत 2 नोव्हेंबरला मृतात्म्यांचा दिवस पाळतात, कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. मेलेला माणूस आपलाच असतो ही दोन्हीकडची समजूत. त्याच्यावर सहा गोळ्या झाडून सातव्यासाठी हात बाहेर काढणं हे दोन्हीकडे बसत नाही. म्हणून मराठी रेल शूटर झाला नाही असं मी म्हणणार नाही. तो न होण्याची कारणं पैशाची आहेत. पण उद्या कुणी करायचाच ठरवला तर हातात बंदूक देऊन भागणार नाही, एवढं त्याने ध्यानात ठेवावं.

दरम्यान हा प्रकार फिरून जत्रेत पोचला आहे, तोही शब्दशः. व्हीआर हेल्मेट आल्यावर सुपरमॅसिव्ह गेम्सने 2016 साली अन्टिल डॉन: रश ऑफ ब्लड काढला. त्यात तुम्ही जत्रेतल्या रुळांवरच्या गाडीत बसता, दोन्ही हातांत पिस्तुलं आणि आजूबाजूला विदूषक, डुकरांची मुंडकी, मोडके पाळणे. इथे दोन जुन्या तक्रारी एकदम मिटल्या. मान तुमची झाली, आणि गाडीत बसलेलं असल्यामुळे पाय का नाहीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. येणारी करवत डोकं खाली करून चुकवता येते. नवी तक्रार पोटाची. डोळे म्हणतात गाडी धावतेय, कान म्हणतात आपण सोफ्यावर आहोत, आणि या भांडणात काहींना उलटी होते. याच लोकांनी 2023 मध्ये स्विचबॅक व्हीआर आणला. त्यासाठी लागणाऱ्या हेल्मेटमध्ये डोळ्यांवर नजर ठेवणारे कॅमेरे असतात. एका भागात समोर दुकानातले पुतळे उभे आहेत. तुम्ही बघत असेपर्यंत ते हलत नाहीत. पापणी मिटली की ते एक पाऊल जवळ आलेले असतात. हाउस ऑफ द डेडमध्ये गोळ्या भरायला हात पडद्याबाहेर जायचा, तेच काम इथे पापणीकडून करून घेतलं आहे, आणि पापणीला सहा गोळ्यांचा हिशेब ठेवता येत नाही.

फक्त मागे उभं राहून ओरडणारी माणसं यात मावत नाहीत. त्यांना सोफ्यावर बसून दोन्ही हातांनी रिकाम्या हवेत गोळ्या झाडणारा, मधूनच खाली वाकणारा माणूस दिसतो, आणि ती पोट धरून हसतात.